राख, माती आणि कणगीतली कीड : तुमचे प्रश्न

आजी तुरीत गोवऱ्यांची राख घालायची. त्यात काही तथ्य आहे का? (बार्शी)

आहे. किडीच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तिच्या अंगातलं पाणी टिकतं. बारीक कोरडी धूळ हा थर शोषते, खरवडते, आणि कीड सुकून मरते. विगल्सवर्थ या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. राख मात्र भरपूर लागते. दाण्यांमधल्या फटी भरल्या, तरच भुंगेऱ्यांचं फिरणं थांबतं. दोन-चार मुठी भुरभुरवून काही होत नाही.

'डायटोमेशियस अर्थ' 50 किलो गव्हाला किती घालू? (अकोला)

साधारण टनाला 1 किलो, म्हणजे तुम्हाला 50 ग्रॅम. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. ही डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या सिलिकायुक्त कवचांची माती. साठवणीच्या धान्यासाठी असल्याचं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीत वापरतात ती पावडर बहुधा भाजलेली असते. तिच्यातली स्फटिकी सिलिका फुप्फुसांना घातक, त्यामुळे ती धान्यात नकोच. चांगली पावडर कालवतानाही नाकातोंडाला फडकं बांधा. दळणाआधी गहू चाळून, पाखडून घ्या.

तीच पावडर घातली, तरी श्रावणात तांदळात सोंडे झाले. पावडर बनावट होती का? (रत्नागिरी)

पावडरीपेक्षा मला तुमच्या हवेचा संशय येतो. धूळ कीड सुकवून मारते, आणि कोकणातला पावसाळा किडीला पुन्हा ओलावा देतो. तांदूळच दमट असेल, तर पावडरही ओल धरते आणि निकामी होते. दाण्यातली ओल 12 टक्क्यांच्या आसपास हवी. यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरा. तो कटकन फुटला पाहिजे. चेपला तर अजून वाळवा.

दुसरं कारण असं, की सोंड्याची मादी दाण्यात भोक पाडून अंडं घालते आणि अळी आतच वाढते. तिथं धूळ पोचत नाही. बाहेर आलेला किडाही मरायला काही दिवस, कधी दोन आठवडे घेतो. कीड दिसल्यावर पावडर घालणं म्हणजे वरातीमागून घोडं. ती कापणीनंतर, वाळवून झाल्याबरोबर घालायची. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याला तर ही मात्राही नीटशी लागू पडत नाही.

बोरिक पावडर स्वस्त पडते. तीच लावली तर? (पुणे)

लावू नका. तांदूळ तरी आपण धुतो, दळणाचा गहू कुठे धुतो? बोरिक पोटात जाण्याची वस्तू नाही.

हरभऱ्याचं बियाणं पुढच्या पेरणीपर्यंत ठेवायचंय. (लातूर)

बियाण्याला क्विंटलला 1 किलो सक्रिय केओलिन (प्रक्रिया केलेली पांढरी चिनी माती) चोळा, पण आधी कडक ऊन द्या. कडधान्यातला भुंगा बऱ्याचदा शेतातूनच अंडी घेऊन येतो. दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, तर तो डबा वेगळा ठेवा.