ब्रेलची गोष्ट: अपघात आटोपता घ्या

प्रश्न: नात सहा वर्षांची आहे. तिला संशोधकांच्या गोष्टी सांगायला घेतल्या, पण लुई ब्रेलच्या डोळ्याला आरी (कातडं टोचायचं हत्यार) लागते तिथेच ती घाबरते; पुढचं ऐकतच नाही. काय करावं?

उत्तर: अपघात एका वाक्यात उरका. वडील घोड्यांचं जीन बनवायचे, त्यांची आरी तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्याला लागली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. बस्स. खरी गोष्ट पॅरिसच्या अंधशाळेत सुरू होते. तिथली पुस्तकं उठावाच्या मोठाल्या अक्षरांची: जड, वाचायला संथ आणि मुलांना स्वतः लिहिता न येणारी. मग शार्ल बार्बिये यांची बारा ठिपक्यांची लिपी आली. (त्यांचं नाव गाळू नका; लुईने एकट्यानेच सगळं शोधलं, असं मुलांना वाटायला नको.) पण त्या लिपीतलं एक चिन्ह बोटाच्या टोकात मावेना. लुईने ठिपके सहावर आणले, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

हे ‘मावेना’ नातीला बोटाने कळू द्या. लग्नपत्रिकेचा जाड कागद जुन्या माउसपॅडवर ठेवा आणि संपलेल्या बॉलपेनने दाबा. वहीचा कागद फाटतो, पुठ्ठ्यावर ठिपका उठत नाही. खऱ्या ब्रेलमध्ये ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर असतं. नवख्या बोटाला ते कळत नाही, म्हणून ४ मिलिमीटर ठेवा. आधी सहा-सहाच्या दोन उभ्या रांगा, शेजारी तीन-तीनच्या दोन. डोळे मिटून तर्जनी ठेवली की पहिल्या नमुन्यात बोट वरखाली सरकवावं लागतं, दुसरा एका स्पर्शात कळतो.

मग ‘कमल’ लिहा. डावी रांग वरून खाली १-२-३, उजवी ४-५-६. क म्हणजे १ आणि ३ क्रमांकाचे ठिपके (१-३), म म्हणजे १-३-४, ल म्हणजे १-२-३. हमखास चूक इथे होते: आपण मागून टोचतो, कागद उलटल्यावर डावं-उजवं बदलतं. म्हणून टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं आणि १-२-३ची रांग उजवीकडे धरायची. नाहीतर ‘म’चा ‘श’ होतो! ही चूक नातीला एकदा करू द्या.

वाचताना बोट अलगद फिरवायचं. दाबलं की ठिपके बसतात आणि कागद पुन्हा टोचावा लागतो.

१८०९चा जन्म, त्याच्या लिपीचं १८२९चं पुस्तक वगैरे सनावळी आठ-नऊ वर्षांची झाल्यावर सांगा.