पावसाळ्यातली निम्म्या दराची खोली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातला एक रिसॉर्ट जुलैत 4,000 रुपयांची समुद्रकाठची खोली 1,500 ला द्यायलाय. सोबत आई-वडील आणि दोन लेकरं आहेत. फोनवरचा माणूस पूर्ण रक्कम आगाऊ मागायलाय. भरावी का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : दरात खोट असेलच असं नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता चालूच असतो, म्हणून मालक मिळेल त्या भावात खोली देतो. पण तो माणसंही कमी करतो. आचारी भातलावणीला गावी गेलेला असतो आणि सगळ्या खोल्यांना मिळून एकच पोरगा उरतो. तेव्हा घासाघीस नंतर, आधी चौकशी.

पहिली चौकशी विजेची. वारा-पावसात झाड तारांवर पडलं की लाईन रात्रभर येत नाही. ‘जनरेटर आहे’ एवढ्यावर थांबू नका, किती केव्हीएचा (म्हणजे किती ताकदीचा) आणि डिझेल भरलेलं आहे का, ते विचारा. 10 केव्हीएवर साधारण 8 किलोवॉट मिळतात, आणि दीड टनाचा एक एसी दीड किलोवॉटच्या पुढं खातो. म्हणजे पंखे-दिवे चालतील, सगळ्यांचे एसी नाही. दुसरी चौकशी चुलीची : स्वयंपाकघर रोज चालू आहे की सांगितल्यावर बाहेरून डबा येतो? वडीलधाऱ्यांना पथ्य असेल तर हे आधीच मिटवा. तिसरी, तुमच्या खोलीत शेवटचा पाहुणा कधी राहिला? मे महिन्यापासून बंद असेल तर दोन दिवस आधी उघडून साफ करायला सांगा आणि वरच्या मजल्याचा हट्ट धरू नका. पत्रे किंवा गच्ची गळत असेल तर आधी वरच गळतं.

पैसे एका रात्रीचे द्या, उरलेले खोली बघून. घाट बंद पडला तर तारीख बदलून मिळेल, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. अडचणीतल्या धंद्यातून परतावा काढणं अवघड जातं. नांदेड-लातूर-सोलापूरवरून जाणारा रत्नागिरी महामार्ग आंबा घाटातून उतरतो. तिथं दरड पडू शकते, म्हणून कोल्हापूर सोडण्याआधी चौकशी करा आणि घाट दिवसाउजेडीच उतरा.

प्रश्न : खोलीत कुबट वास आला तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात ना? (लातूर)

उत्तर : आपल्याकडं ठेवतो, तिथं पाऊस चालू असताना नको. बाहेरची हवाच ओलीचिंब असते, ती गादीत शिरते. खिडक्या लावून एसी दोन-तीन तास ‘ड्राय’ मोडवर चालवा. गादी उलटून खालची बाजू हाताने दाबा, गार-दमट लागली तर खोलीच बदलून मागा. नुसत्या चादरीनं काही होत नाही.

घाण वास बाथरूममधून येत असेल तर कारण वेगळं. जाळीखालच्या वळणात साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं, वापर नसला की ते आटतं. एक बादली पाणी ओता, बेसिनमध्येही दोन तांबे. नळाचं पहिलं तांबूस पाणी वाहून जाऊ द्या. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या, कारण पावसात विहिरी गढूळ होतात.

ओल उतरलेल्या भिंतीवरच्या बटणांना ओला हात लावू नका. मेन बोर्डवरच्या आरसीसीबीचं (करंट गळाला की वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचचं) ‘टी’, म्हणजे टेस्ट, बटण कर्मचाऱ्याला दाबायला सांगा. ते दाबूनही वीज तुटली नाही तर त्या खोलीत गिझर वापरायचा नाही. चालत असला तरी अंघोळीआधी बंद करा. (ही चाचणी मागणारं गिऱ्हाईक विचित्र वाटतं, वाटू द्या.)

प्रश्न : लेकरांना पाण्यात उतरवता येईल? मासे मिळतील? (हिंगोली)

उत्तर : उतरवू नका, गुडघाभरही नाही. पावसाळ्यात लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. वाळूवर फिरायचं तर ओहोटीला. भरतीची वेळ कॅलेंडरवरून काढता येते : तिथीला तीनने गुणून चारने भागा. अष्टमीला साधारण सहा वाजता, अमावास्येला (पंधरावी तिथी धरून) सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी.

राज्यात यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. त्या काळात ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली. खाडीचे मासे किंवा सुका जवळा मागा.