तुमच्या संग्रहातल्या सगळ्यात आवडत्या रेकॉर्ड कोणत्या, आणि त्याच का?

तुम्ही विचारलं आहे की शास्त्रीय, कव्वाली, लोकगीतं, इंग्रजी असं सगळंच एका संग्रहात असेल, तर त्यातलं आवडतं कसं निवडायचं. मी माझ्या रेकॉर्डबद्दल सांगतो. उत्तर थोडं लांबेल, कारण हा संग्रह मी एकट्यानं जमवलेला नाही.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. दोन भोंगे, अहुजाचा अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, वीज नसलेल्या गावासाठी बॅटरी आणि रेकॉर्डची लाकडी पेटी, एवढं सामान बैलगाडीत घालून ते पंचक्रोशीत फिरायचे. लग्न, सप्ताह, गणपती, १४ एप्रिल, उरूस, निवडणूक, जिथून बोलावणं येईल तिथे. जे गाव जे मागेल ती रेकॉर्ड दादा घ्यायचे. म्हणून त्या पेटीत अभंगाशेजारी कव्वाली आणि लावणीशेजारी भीमगीत असायचं. आज माझ्याकडे चारशेच्या आसपास रेकॉर्ड आहेत. त्यातल्या दीडशे दादांच्या, बाकीच्या मी नोकरीला लागल्यावर घेतलेल्या.

दादा प्रत्येक लेबलवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घालायचे आणि एका वहीत नोंद ठेवायचे. ती वही अजून माझ्याकडे आहे. तीत गायकाचं नाव क्वचितच सापडतं, पण रेकॉर्ड कधी लावायची ते नेमानं लिहिलेलं आहे. ‘वरात.’ ‘पंगत उठताना.’ ‘मुलगी निघताना.’ ‘पहाटे.’ माझी आवड या वहीनं घडवली, म्हणून गाण्याबरोबर मला त्याची वेळही आठवते.

सगळ्यात आवडती एकच सांगायची तर प्रल्हाद शिंदे. पण एक रेकॉर्ड सांगता येणार नाही, तीन सांगाव्या लागतील. वहीत एक ‘सप्ताह’ खाली आहे, एक ‘१४ एप्रिल’ खाली आणि एक ‘उरूस’ खाली. लहानपणी मला वाटायचं, हे तीन वेगळे गायक असणार. विठ्ठलाचं गाणारा एक, बाबासाहेबांचं गाणारा दुसरा, दर्ग्यापुढे गाणारा तिसरा. दहावीच्या सुट्टीत दादांनी मला सगळी पेटी पुसायला बसवलं, तेव्हा लेबलवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. तिन्हीवर एकच नाव! मंगळवेढ्यात १९३३ साली जन्मलेला, रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या घरातून आलेला माणूस. त्याचा आवाज आमच्या तालुक्यात ज्या ज्या दारात गेला, त्या सगळ्या दारांत तेव्हा माणसंही एकमेकांकडे जात होती असं म्हणता येणार नाही. दादांचा भोंगा मात्र जात होता.

या तीनही रेकॉर्ड ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, लहान, चार गाण्यांच्या. उजेडात तिरप्या धरल्या की काळ्या रंगात राखाडी पट्टे दिसतात. जिथे कोरस जोरात येतो तिथे पट्टा जास्त राखाडी, कारण सुईनं तिथली खाच जास्त खाल्ली आहे. वरून दादा सुई उडू नये म्हणून हेडवर एक नाणं चिकटवायचे. धुळीच्या मांडवात, पोरांच्या नाचण्यानं हादरणाऱ्या टेबलावर दुसरा इलाज नव्हता. त्या नाण्याच्या वजनानं रेकॉर्ड लवकर झिजल्या. आज कुठलाही व्यापारी यांना भाव देणार नाही, तो कोरी, न वाजलेली रेकॉर्ड शोधतो. मला नेमकं उलटं वाटतं. झिजलेली रेकॉर्ड माणसांनी पुन्हा पुन्हा मागितलेली असते. तुम्हाला आवड ठरवता येत नसेल तर आपल्या रेकॉर्ड उजेडात धरून बघा. सर्वांत राखाडी कोणती आहे ते बघितलं की कळेल.

कव्वालीत इस्माईल आझाद यांची ‘हमें तो लूट लिया’. १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातली, ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी. परभणीला फेब्रुवारीत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, त्या दिवसांत ही दादांना रोज लागायची. आणि लग्नाच्या वरातीतही लागायची, हिंदूंच्या, मुसलमानांच्या, सगळ्यांच्या. टाळ्यांचा ठेका भोंग्यातून असा सुटायचा की वाजंत्रीवालेही थांबून ऐकायचे.

आता शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेब. ही रेकॉर्ड भोंग्यासाठी घेतलेली नव्हती. एका जुन्या वाड्यातलं सामान निघालं, तेव्हा चावीच्या ग्रामोफोनबरोबर दादांना मिळाली. झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’. तीन-सव्वातीन मिनिटांचा खेळ, कारण ७८ च्या एका बाजूला तेवढंच मावायचं. पण त्या तीन मिनिटांत कुठे घाई नाही. आवाज बारीक आणि टोकदार, आणि स्वर जिथे लागायला हवा तिथे केसाइतकाही इकडेतिकडे नाही. खाँसाहेब मिरजेला राहिले आणि १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना सिंगापेरुमल कोइल या लहानशा स्टेशनवर, प्रार्थना म्हणत गेले. ते कळल्यापासून मी ही रेकॉर्ड रात्री उशिरा, घर झोपल्यावर ऐकतो.

या रेकॉर्डची एक बाजू माझ्या हातून खराब झाली. कॉलेजात असताना बुरशीचा डाग दिसला, म्हणून मी कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसलं. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात, लाखेत दगडाची पूड घालून दाबलेल्या. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये घालून पॉलिश करतो, हे मी घराशेजारी रोज पाहत होतो, तरी डोक्यात आलं नाही. बोळा काळा झाला आणि कडेची चकाकी गेली. आता ती रेकॉर्ड लावली की पहिली वीसेक सेकंद नुसती खरखर येते आणि मग त्या खरखरीतून खाँसाहेबांचा आवाज हळूहळू वर येतो. दादा रागावले नाहीत. त्यांनी वहीत त्या नंबरापुढे ‘स्पिरिट नको’ एवढंच लिहिलं.

म्हणून, तुमच्याकडे लाखेच्या तबकड्या असतील तर त्या स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं कधीही पुसू नका. साधं कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, लेबल भिजू द्यायचं नाही आणि लगेच मऊ कपड्यानं कोरडं करायचं. ७८ ची खाच एलपीपेक्षा, म्हणजे जास्त वेळ चालणाऱ्या मोठ्या रेकॉर्डपेक्षा, जवळपास तिप्पट रुंद असते, तेव्हा एलपीच्या सुईनं ती वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते. ७८ साठी सुई वेगळी घ्यावीच लागते. एलपी ज्या प्लास्टिकची असते त्या विनाइलचं दुखणं वेगळं, त्याला ऊन सहन होत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत विसरलेली एलपी दुपारपर्यंत पापडासारखी वाकते. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला लाकडी कपाट, रेकॉर्ड उभ्या, आडव्या एकावर एक कधीच नाहीत.

वहीतल्या ‘पहाटे’ खाली सगळ्यात कमी रेकॉर्ड आहेत. दादांचं म्हणणं असं की पहाटे शब्द नकोत, माणसं अजून झोपेच्या काठावर असतात. गंगाखेडहून परळीमार्गे गाडीनं हैदराबादला जायचं आणि तिथून माल आणायचा, ही आमच्याकडची निजामाच्या काळापासूनची वहिवाट. दादाही तिकडेच जायचे. तिथल्या दुकानदाराला ते म्हणाले, पहाटे लावायला बिनशब्दाचं काहीतरी द्या. त्यानं दिली ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७ ची एलपी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात आहे, पहाटे अहिर भैरव रागानं सुरू होतो आणि रात्री पहाडी रागावर संपतो. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आहेतच, त्यामुळे मेंढपाळाचा दिवस कसा असतो हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गणपतीत पहाटे पाचला दादा अहिर भैरवपासून सुरू करायचे. भोंग्याला खर्ज पेलत नाही, वरचे स्वर मात्र तो लांबवर नेतो. संतूर आणि बासरी गोदावरीच्या पात्रापर्यंत ऐकू जायची. गिटार मात्र जवळजवळ ऐकूच यायची नाही. पुढे छत्रपती संभाजीनगरला एका मित्राच्या घरी चांगल्या स्पीकरवर ही एलपी ऐकली, तेव्हा काब्रांची खालची तार पहिल्यांदा कानावर आली. इतकी वर्षं पाठ असलेल्या रेकॉर्डमध्ये एक अख्खा माणूस मला नव्यानं भेटला. घरी येऊन दादांना सांगितलं. ते म्हणाले, “मग आपल्याकडं दोनच जण वाजवत होते म्हण की.” पुढच्या वेळी मी त्यांना त्या मित्राकडे घेऊन गेलो. एक बाजू संपेपर्यंत ते खुर्चीत पाठ न टेकता बसून होते.

इंग्रजी म्हणाल, तर मी स्वतः घेतलेल्यांत पहिला मान अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या ‘टाइम आउट’ला, १९५९ ची एलपी. हैदराबादच्या जुमेरात बाजारात फाटक्या कव्हरसह सापडली. जॅझ मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. त्यातलं ‘टेक फाइव्ह’ लागलं आणि पाय ठेका धरेना, दर वेळी एक मात्रा निसटायची. आमच्या भजनी मंडळातल्या पखवाजी मामांना घरी बोलावलं. त्यांनी डोळे मिटले, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत दोन आवर्तनं मोजली आणि म्हणाले, “पाचच हायत की रं. आपला झपताल दोन-तीन, दोन-तीन जातो, ह्यो तीन-दोन जातोय.” मग जो मोरेलोचं ड्रमवादन सुरू झालं. त्याखाली ब्रुबेकचा पियानो तोच एक तुकडा न सोडता वाजवत राहतो. मामा हसले. “पेटीवाला लेहरा धरून बसलाय बघ. सोडत न्हाई.” मी जॅझवर नंतर थोडंफार वाचलं, पण त्या संध्याकाळी जे समजलं तेवढं कुठल्याच पुस्तकातून समजलं नाही. ही धून पॉल डेझमंड यांची आणि सॅक्सोफोनही त्यांचाच. ब्रुबेक १९५८ मध्ये भारतात येऊन गेले होते, हे कळल्यावर मामांना फार आनंद झाला.

‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड आहे, पॉलिडोर कंपनीची. चित्रपट १९७५ चा. आमच्याकडच्या टुरिंग टॉकीजला तो यायला बराच वेळ लागला, तोवर गावातल्या पोरांना संवाद भोंग्यावरूनच पाठ झाले होते. बोनी एम या डिस्को गटाची रेकॉर्ड आहे, ती माझ्या मुलीची आवडती, मीही ऐकतो. भीमसेन जोशींच्या आवाजातलं ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ सगळ्यांकडे असतं, माझ्याकडेही आहे. पण नामदेवांची नरसी आमच्यापासून फार लांब नाही, आणि तो अभंग लागला की आई हातातलं काम बाजूला ठेवायची, म्हणून ती रेकॉर्ड पहिल्या कप्प्यात असते. मोठमोठ्या संचांचं, सोनेरी अक्षरांच्या पेट्यांचं मला फारसं आकर्षण नाही. दोन आहेत, वर्षातून एखादे वेळी निघतात.

एक रेकॉर्ड मात्र माझ्याकडे नाही, तरी तिचं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. वहीत ३७ नंबरापुढे लिहिलं आहे: ‘गोंधळ. संबळ. तुळजापूरची आई. लग्नानंतर.’ गायक, कंपनी, काहीच नाही. १९७९ च्या लग्नसराईत दादांनी ती पालमकडच्या एका घरी दोन दिवसांसाठी दिली आणि ती परत आली नाही. मला त्यातला संबळ आठवतो. सुरुवातीला एकटाच वाजायचा, आणि मग बाईचा आवाज यायचा, जाडसर, आईला हाक मारल्यासारखा. गेल्या काही वर्षांत तुळजापूर, परभणी, हैदराबाद, पुण्याचा जुना बाजार, सगळीकडे शोधून झालं. ऐकवलेल्या दहा-बारा गोंधळांत ती नव्हती.

तुम्हीही रेकॉर्ड गोळा करता असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. कुठे लहान रेकॉर्ड दिसली आणि लेबलवर पांढऱ्या ऑइलपेंटनं ३७ लिहिलेलं असलं, सातचा पाय खाली लांब ओढलेला असला, तर इथेच कळवा. विकायची नसेल तरी चालेल. मी पेटी घेऊन येईन आणि तुमच्या घरी बसून एकदा ऐकेन.