पतंगाला कॅमेरा लावून जमिनीचे फोटो काढले तर ते हललेले येतात. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा पतंगाच्या मधल्या काडीला बांधलाय आणि शटर १/२५० सेकंद आहे. गडबड या दोन्हींत आहे.

फ्रान्समध्ये आर्थर बातू यांनी १८८८ मध्ये असाच कॅमेरा थेट पतंगावर बसवला होता. शटर सोडायला जळती वात. पण पतंगाचा प्रत्येक झटका कॅमेऱ्याला बसतो. १९१२ च्या सुमारास पिएर पिकावे यांनी कॅमेरा दोरावर टांगायची रचना काढली. आजही तीच करावी.

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांची फुली करा, चारही टोकांना गुळगुळीत कड्या लावा. पतंगाच्या दोरावर एक-दीड मीटर अंतराने दोन हूक अडकवा. एकच अखंड बारीक दोरी हूक, कडी, पुन्हा हूक अशी फिरवून चारही कड्यांतून ओवा. दोरी सरकत राहते, म्हणून दोराचा कोन बदलला तरी फुली सपाट राहते. मध्ये कुठे गाठ आली की ती अडते आणि कॅमेरा कलतो. हूक फार जवळ असतील तर फुली गरगरते.

आता शटर. २४ मिमी लेन्स (३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने) आडवी साधारण ७४ अंश पाहते. फोटोची रुंदी ४००० पिक्सेल धरली तर एका अंशाला ५४ पिक्सेल. टांगलेला कॅमेरा सेकंदाला ३० अंश फिरत असेल तर १/२५० ला साडेसहा पिक्सेलची रेघ उमटते, १/१००० ला जेमतेम दीड. म्हणून शटर १/१००० किंवा त्याहून जलद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो, फोकस अनंतावर पक्का, दर ५ सेकंदांनी एक फोटो. आयएसओ वाढून थोडे दाणे आले तरी चालतील. हललेला फोटो नंतर सुधारत नाही.

पतंग आधी एकटाच ३० मीटर वर जाऊ द्या. पाचेक मिनिटं गोता न खाता स्थिर राहिला आणि कॅमेऱ्याच्या वजनाच्या निदान तिप्पट ओढ लागली, तरच कॅमेरा अडकवा. रोक्काकू (षटकोनी जपानी पतंग) किंवा मोठा डेल्टा (त्रिकोणी पतंग) घ्या. दोर विणलेला डॅक्रॉनचा, म्हणजे पॉलिएस्टरचा. नायलॉन ताणतो आणि कॅमेरा वरखाली नाचतो. हातमोजे हवेतच. विजेच्या तारांजवळ किंवा गडगडाटी ढग असताना उडवू नका.

उतरवताना नुसता दोर गुंडाळला तर ओढ वाढते. जोडीदाराने दोर हाताखाली दाबत पतंगाकडे चालत जावं, कॅमेरा हाताशी आला की आधी तो काढून घ्यावा.