जीपचं इंजिन बदलू की बांधून घेऊ?

देवगडच्या एका बागायतदारांचं पत्र आहे. वडिलांनी 1994 मध्ये घेतलेली महिंद्रा एमएम 540 अजून बागेत चालते, पण इंजिन बसलंय. चढाला काळा धूर, सकाळी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही. मिस्त्रीने दोन आकडे सांगितलेत: मूळचं 2,112 सीसीचं प्यूजो इंजिन बांधायला, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडायला, 70 हजार, नाहीतर जुन्या बोलेरोचं 2,523 सीसीचं डीआय इंजिन बसवायला सगळं धरून 1 लाख 80 हजार. बँकेत 4 लाखांची एफडी आहे. ती मोडून बोलेरोचं इंजिन टाकू का?

टाकू नका.

तुम्ही लिहिता, आरसी 2029 पर्यंत आहे आणि जीप खरी लागते ती मार्च ते मे, आंब्याच्या कलमांतून डांबरी रस्त्यापर्यंत पेट्या आणायला. त्या तीन महिन्यांसाठी गावातली पिकअप 45 हजारांत मिळते, हेही तुमच्याच पत्रात आहे. आता पुढच्या पासिंगपर्यंत, म्हणजे आरसी संपेपर्यंत, तीन हंगाम धरा. बोलेरोचं इंजिन वर्षाला 60 हजारांना पडतं, म्हणजे पिकअपपेक्षा महाग. बांधलेलं इंजिन पडतं साधारण 23 हजारांना. आणि कातळावरून पहिल्या गिअरमध्ये पेट्या सांभाळत येणाऱ्या गाडीला जादा ताकद हवी कशाला? ती ताकद जुन्या गिअरबॉक्सवर आणि एक्सलवर पडते, म्हणजे पुढचा खर्च तिथे.

त्याहून मोठी अडचण कागदाची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरलं. 2,112 च्या जागी 2,523 सीसी म्हणजे तपशीलच बदलला. अशा प्रत्येक बदलाला 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, पण उद्या घाटात अपघात झाला आणि इंजिन नंबर जुळला नाही, तर विमा कंपनीला वाद घालायला आयतं निमित्त मिळतं. ‘कागदाचं बघून घेऊ’ असं मिस्त्री म्हणतो, पण आरसीवर नाव तुमचं आहे, त्याचं नाही. इंजिन बांधलं तर ब्लॉक तोच राहतो, नंबरही तोच.

एफडी मोडू नका. मोहोर आला की तुडतुडे आणि भुरीच्या फवारण्या सुरू होतात आणि तेव्हा पैसे हातात लागतात. 70 हजारांपुरतं एफडीवर कर्ज घ्या. व्याज एफडीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं. मे अखेर पट्ट्या, म्हणजे दलालाकडून विक्रीचे हिशेब आणि पैसे, आल्या की फेडून टाका.

वडिलांची गाडी आहे, जीव अडकतो, हे कळतं. माझ्या घरी एक लुना अशीच पडून आहे, तिचा हिशेब मी कुणाला दाखवत नाही.

पण 70 हजार देण्याआधी एक करा. जीप रॅम्पवर घ्या, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) चेसीला जिथे जोडलेत तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. खाऱ्या हवेत तीस वर्षं काढलेला पत्रा वरून रंगवलेला दिसतो आणि आतून पापुद्रे सुटलेले असतात. स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तर इंजिनही बांधू नका. यंदा पिकअपच सांगून ठेवा, फेब्रुवारीतच, नंतर भाडं वाढतं.