क्षार : सॉल्ट की अल्कली?

प्रश्न असा आहे : शाळेच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार असे तीन वेगळे वर्ग असतात. मग साबणाचं पाणी ‘क्षारधर्मी’ असतं असं का लिहितात? क्षार म्हणजे नक्की काय, सॉल्ट की अल्कली?

आजच्या मराठी रसायनशास्त्रात क्षार म्हणजे सॉल्ट. बेसला आपण आम्लारी म्हणतो आणि पाण्यात चांगल्या विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क. कॉस्टिक सोडा अल्क आहे. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्क नाही. हिंदीत मात्र सॉल्ट म्हणजे लवण, अल्कली म्हणजे क्षार आणि बेस म्हणजे क्षारक. हिंदीवरून उतरवलेल्या मजकुरात ‘क्षारधर्मी’ शिरतो तो असा. पण सगळं खापर हिंदीवर फोडू नये. जुना अर्थ तिनेच सांभाळला आहे; सरकलो आहोत ते आपण.

सुश्रुतसंहितेत क्षाराची फोड दिली आहे : ‘क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः’. जो झिजवतो किंवा इजा करतो तो क्षार. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची, निवळ आटवायची, की हा दाहक पदार्थ हाती येई आणि शल्यकर्मात वापरला जाई. त्याचा दाह आंबट द्रवाने शमवावा, असंही तिथे सांगितलं आहे, म्हणजे उदासिनीकरणच. गंमत म्हणजे अरबीतला ‘अल्-कली’ही राखेतूनच आलेला. त्यावरून अल्कली, त्यावरून कॅलियम, आणि म्हणून पोटॅशियमची संज्ञा ‘के’.

आता खरी मेख. वनस्पतींच्या राखेतून निघतं ते मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. व्याख्येने बघाल तर ते सॉल्ट आहे : कार्बोनिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून होणारं. पण त्याच्या द्रावणात तांबडा लिटमस टाका, निळा होतो. कार्बोनेट आयन पाण्याच्या रेणूकडून एक प्रोटॉन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो. म्हणजे प्राचीनांचा क्षार रचनेने सॉल्ट आणि वागणुकीने अल्क! दोन्ही अर्थ एकाच शब्दाला चिकटले, यात त्या शब्दाचा काय दोष? साबणाचंही तेच. तो मेदाम्लाचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार, आणि त्याचं पाणी मात्र सामू (पीएच) ७ च्या वर, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला. याउलट नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, हाही क्षारच, पण त्याचं द्रावण किंचित आम्लधर्मी. तेव्हा ‘क्षारधर्मी’ हे विशेषण सामूबद्दल वापरलं, तर वाचकाला त्यातून काहीच ठरवता येत नाही.

मराठी सॉल्टकडे का वळली असावी? माझा अंदाज : क्षारापासून आपल्याकडे खार झाला, आणि खारा, खारट म्हटलं की जिभेवर मीठच येतं. क्षार ऐकताना मराठी कानाला राख आठवत नाही. टाकणखार, सज्जीखार यांत तेवढा जुना अर्थ रेंगाळतो.

आम्लारी हा घडवलेला शब्द मला फार आवडतो. आम्ल अधिक अरी, आम्लाचा शत्रू. पाठ करण्याआधीच व्याख्या कळते. ब्रन्स्टेड आणि लाऊरी या रसायनशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये प्रोटॉन देणारं ते आम्ल आणि घेणारा तो बेस अशी मांडणी केली. त्या हिशेबाने वैऱ्यापेक्षा घेणेकरी म्हणणं जास्त रास्त. पण तेवढ्यासाठी रुळलेला शब्द मोडायचं कारण नाही.

लिहिताना एक सांभाळा. अरि मुळात ऱ्हस्व, मराठीत अन्त्य म्हणून दीर्घ; म्हणून सुटा शब्द ‘आम्लारी’, पण समासात ‘आम्लारिधर्मी’, जसं कवी आणि कविसंमेलन. दीर्घ रूप छापलेलं सर्रास दिसतं, तरी नियम हा आहे.

तुमच्या वाक्यापुरतं सांगायचं तर साबणाचं पाणी आम्लारिधर्मी किंवा अल्कधर्मी लिहा. शेतीविषयक लेखनात ‘विम्ल’ही चालतो. ‘क्षारयुक्त’ हा शब्द विरघळलेले क्षार जास्त असलेल्या पाण्यासाठी राखून ठेवा, मग त्याचा सामू काहीही असो. आयुर्वेदातल्या क्षारसूत्राला, म्हणजे क्षार लावलेल्या औषधी दोऱ्याला, मात्र हात लावू नका; तो शब्द तसाच ठेवा. तिथला क्षार सुश्रुताचाच आहे.