वाचकांचे प्रश्न : दगडात कोरलेली वक्र तलवार

प्रश्न : सोळाव्या-सतराव्या शतकांतील हंगेरियन सरदारांच्या थडग्यांची छायाचित्रे अलीकडे पाहिली. झाकणावर मृताची पूर्णाकृती कोरलेली असते आणि कमरेला पुष्कळदा वक्र तलवार दिसते. जन्मभर तुर्कांशी लढलेल्या माणसाच्या थडग्यावर तुर्की वळणाची तलवार का असावी? ती लुटीतली समजायची काय? आणि ती हंगेरियन की ऑटोमन (तुर्की), हे दगडावरून कळते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लूट हे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे आणि काही तलवारींच्या बाबतीत ते खरेही असेल; पण वक्र तलवार बाळगण्यासाठी हंगेरियन सरदाराला ती शत्रूकडून हिसकावून घ्यावी लागत नव्हती. घोड्यावरून वार करण्याची ही तलवार हंगेरियनांच्या पूर्वजांनी, म्हणजे मॅग्यार लोकांनी, नवव्या-दहाव्या शतकांत पूर्वेकडील गवताळ प्रदेशातून येतानाच आणली होती. व्हिएन्नाच्या राजकोषात शार्लमेनच्या नावाने जपलेली तलवार याच मॅग्यार धाटणीची आहे. पुढे तेथील सरदारवर्गात सरळ तलवार रुजली, आणि पंधराव्या शतकापासून ऑटोमन फौजांशी वारंवार गाठ पडू लागल्यावर वक्र तलवार नव्या रूपात पुन्हा पुढे आली. २९ ऑगस्ट १५२६ रोजी मोहाचच्या लढाईत राजा दुसरा लायोश मरण पावला, १५४१ मध्ये बुडा शहर सुलतान सुलेमानच्या ताब्यात गेले आणि देशाचे तीन तुकडे पडले : पश्चिमेला ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याचा, मध्ये ऑटोमनांचा आणि पूर्वेला सुलतानाला खंडणी देणारे ट्रान्सिल्व्हेनियाचे संस्थान. १६८६ पर्यंत बुडा ऑटोमनांकडेच राहिले. एवढ्या दीर्घ काळात सरहद्दीवर लढाया झाल्या तसाच व्यापारही चालला, आणि पाती, मुठी व कारागिरी दोन्ही बाजूंना फिरत राहिली.

यातील ट्रान्सिल्व्हेनियाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेथे नवा राजा गादीवर आला, की सुलतानाकडून मान्यतेची चिन्हे येत आणि त्यांत ध्वज, झगा व गदा यांच्याबरोबर तलवारही असे. १६०५ मध्ये इश्तवान बोच्काई याला तर ऑटोमनांकडून रत्नजडित मुकुटच मिळाला. तो आज व्हिएन्नात आहे. अशा दरबारात वावरणाऱ्या सरदाराच्या अंगावरील तुर्की घडणीची तलवार शत्रूच्या पराभवाची खूण असेलच असे नाही. ती अधिकाराची, दर्जाची किंवा नुसत्या चांगल्या खरेदीची खूणही असू शकते. आपण 'शत्रूची तलवार' म्हणतो, तेव्हा आजच्या सीमारेषा त्या काळावर लादत असतो.

आता ओळखण्याविषयी. शिल्पातील तलवार बहुधा म्यानात असते, म्हणून पात्याकडे पाहून फारसे हाती लागत नाही. ऑटोमन वक्र तलवारीचे, म्हणजे 'किलिच'चे, ठळक लक्षण म्हणजे टोकाकडे रुंद होणारा आणि पाठीलाही धार असणारा भाग, ज्याला तुर्कीत 'यल्मान' म्हणतात. तो म्यानात झाकला जातो. उरते ती मूठ. सोळाव्या शतकातील हंगेरियन वक्र तलवारीची, म्हणजे 'साब्ल्या'ची, मूठ धारेच्या बाजूला किंचित झुकलेली असते, तिच्या माथ्यावर बदामाच्या आकाराची चपटी धातूची टोपी असते, आणि हातापुढची आडवी पट्टी लांब व सरळ असते. काही मुठींना या पट्टीपासून टोपीपर्यंत बोटांच्या रक्षणासाठी साखळी जोडलेली असते. ऑटोमन मुठीची आडवी पट्टी साधारणपणे आखूड असते. एवढे असूनही मी या खुणांवर फार विसंबणार नाही, कारण दोन्हीकडचे कारागीर एकमेकांचे पाहून घडवत होते आणि तुर्की पात्याला हंगेरियन मूठ चढवणे ही अगदी नेहमीची गोष्ट होती. शिवाय दगडातून बाहेर आलेला बारीक भाग सर्वांत आधी तुटतो. आडव्या पट्टीचे टोक आज दिसत नसेल, तर ते मुळातच नव्हते असे समजू नये. तेथे तुटल्याची कड आहे का, हे जवळून पाहावे.

मग थडग्याचा उपयोग काय? संग्रहालयातील तलवारीवर बहुधा साल नसते, आणि तिची मूठ किंवा म्यान मागाहून बदललेले असू शकते. थडग्यावर मात्र मृत्यूचे साल कोरलेले असते, म्हणून मुठीची एखादी धाटणी केव्हा प्रचारात होती, हे त्यावरून ठरवता येते. येथेही एक सावधगिरी हवी. ट्रान्सिल्व्हेनियाचा पुढे राजा झालेला मिहाय अपाफी याचे वडील ड्यॉर्ज अपाफी १६३५ मध्ये वारले. त्यांची कोरीव दगडी शवपेटी ट्रान्सिल्व्हेनियातील सिबियू शहराचा शिल्पकार एलियास निकोलाई याने १६३८ मध्ये पूर्ण केली. मूळ अल्माकेरेक या गावची ही पेटी आता बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १५५२ मधील ऑटोमन वेढ्यात हंगेरीतील एगर किल्ल्याचे रक्षण करणारा इश्तवान डोबो याच्या थडग्याचा दगडही त्याच्या मूळ दफनस्थळाहून एगरला हलवलेला आहे. म्हणून मृत्यूचे साल, शिल्पाचे साल आणि दगडाचे आजचे ठिकाण या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात.

प्रश्न : ऑटोमन सेनानींच्या थडग्यांवर अशा आकृती का दिसत नाहीत? तेथे तलवार कधीच कोरली जात नसे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कबरीवर माणसाची मूर्ती घडवणे इस्लामी धर्मभावनेत बसत नव्हते, म्हणून मृताची ओळख शिरोभूषणातून दिली जाई. उभ्या शिळेच्या माथ्यावर कोरलेल्या पगडीच्या घडणीवरून मृताचा हुद्दा कळत असे. जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातील, शिपायाच्या शिळेवर त्यांची विशिष्ट टोपी असे. सुलतान दुसऱ्या महमूदने १८२६ मध्ये जानिसारी फौज मोडली, तेव्हा अशा पुष्कळ शिळाही फोडण्यात आल्या.

तलवार पाहायची असेल, तर त्या काळी ऑटोमन सत्तेखाली असलेल्या बोस्नियाकडे वळावे. तेथील जुन्या मुस्लिम कबरींच्या उभ्या शिळांना 'निशान' म्हणतात. आपल्या 'निशाण' या शब्दाचे मूळही त्याच फारसी शब्दात आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील काही निशानांवर तलवार, गदा, धनुष्यबाण अशी शस्त्रे उठावात कोरलेली आहेत. शिळेच्या सपाट अंगावर माणसाविना एकटीच तलवार दिसते आणि ती बाळगणारा कोण होता, हे शस्त्रांवरूनच समजून घ्यावे लागते.

प्रश्न : शिल्पावरून माप घेऊन तलवारीची हुबेहूब प्रतिकृती करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुठीचा आकार आणि म्यान कमरेला अडकवण्याच्या दोन कड्यांची जागा शिल्पावरून घेता येईल; जाडी आणि वजन घेता येणार नाही. दगड टिकावा म्हणून शिल्पकार पट्टी व म्यान जाड ठेवतो, आणि तलवार अंगालगत बसावी म्हणून तिचा बाकही कमीजास्त करतो. ही मापे त्याच काळातील प्रत्यक्ष तलवारीवरूनच घ्यावीत.